साहेब चहाबाज की कॉफीबाज?

इंग्रज माणूस म्हटला की त्याच्या हातात चहाचा कप असणारच, अशी आपली पक्की समजूत. आपल्याला चहाची चटक लावली तीही साहेबानेच. त्यामुळे आज ब्रिटनमध्ये चहाला कॉफीने गाठले आहे, असे कुणी सांगितले तर पटकन खरे वाटत नाही. पण गंमत अशी, की त्या देशात आधी गाजली ती कॉफीच!

लंडनमधले पहिले कॉफीगृह पास्क्वा रोझे नावाच्या माणसाने १६५२ साली सुरू केले. पाहता पाहता शहरभर कॉफीगृहे निघाली. पेनीभरात कॉफी मिळे, बातम्या आणि गप्पा वर फुकट. व्यापाऱ्यांचे सौदे तिथेच ठरत. विम्याच्या व्यवसायात आज जगभर नाव असलेली ‘लॉइड्स’ अशाच एका कॉफीगृहात जन्मली. तिथे रंगणाऱ्या राजकारणाच्या गप्पांनी राजा दुसरा चार्ल्स इतका धास्तावला, की डिसेंबर १६७५ मध्ये त्याने कॉफीगृहे बंद करण्याचे फर्मान काढले. लोक असे खवळले, की अंमल सुरू होण्याआधीच ते मागे घ्यावे लागले.

याच राजाच्या महालात मात्र चहाचे कौतुक सुरू होते. १६६२ साली त्याचे लग्न पोर्तुगालच्या राजकन्या कॅथरीनशी झाले. त्या लग्नात मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली, हे आपण शाळेत शिकतो. पण कॅथरीनने माहेरची चहाची आवडही सोबत नेली होती. राणीच पिते म्हटल्यावर बड्या घरच्या बायकांमध्ये चहाची टूम निघाली.

सामान्यांच्या घरी चहा पोहोचायला मात्र शंभराहून अधिक वर्षे लागली, कारण त्यावरचा जबर कर. चोरटा चहा आणून विकणाऱ्यांची चंगळ होती. अखेर १७८४ साली सरकारने हा कर ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला आणि चहा खिशाला परवडू लागला. पुढे १८३९ मध्ये आसामचा चहा लंडनच्या लिलावात आला. सिलोनमध्ये कॉफीच्या मळ्यांवर १८६९ पासून तांबेरा पडला. कॉफी गेली, त्या जागी चहा लागला. साम्राज्यातच पीक मुबलक येऊ लागल्यावर चहा ब्रिटिशांचे राष्ट्रीय पेय झाले. त्यासाठी मळ्यांत राबणाऱ्या मजुरांचे हाल मात्र त्या नाजूक कपांत कधी दिसले नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात चहा रेशनवर आला, माणशी आठवड्याला अवघा दोन औंस. हे रेशन १९५२ पर्यंत टिकले, पण सवय सुटली नाही. ४ जुलै १९९० रोजी विश्वचषक फुटबॉलच्या उपांत्य सामन्यात इंग्लंड पश्चिम जर्मनीकडून पेनल्टीवर हरले. सामना संपताच घरोघरी विजेच्या किटल्या सुरू झाल्या आणि विजेची मागणी एकदम २,८०० मेगावॅटने उसळली! दुःखावर उतारा म्हणून आधी आधण ठेवायचे, हा तिथला रिवाज.

कॉफी मात्र पुन्हा दबक्या पावलांनी परत आली. आधी झटपट कॉफीची बरणी स्वयंपाकघरात शिरली. १९७१ मध्ये कोस्टा या इटालियन भावांनी लंडनमध्ये कॉफीचा धंदा सुरू केला. १९९८ मध्ये अमेरिकेची ‘स्टारबक्स’ आली. आज चहावाल्यांची संघटना रोज १० कोटी कपांचा दावा करते, तर कॉफीवाल्यांची ९ कोटी ८० लाखांचा. दोन्ही आकडे ज्याच्या त्याच्या वकिलाचे, हे खरे. पण चुरस किती आहे, ते त्यातून कळते. ‘टेटली’ हा त्यांचा घराघरातला चहा तर २००० सालीच आपल्या टाटांनी विकत घेतला.

मग साहेबाची खरी आवड कोणती? कामावर जाताना कागदी पेल्यात तो कॉफी घेतो. पण पाहुणा दारी आला, शेजारी कुणी आजारी पडले किंवा वाईट बातमी कळली, की हात किटलीकडेच जातो. कराच्या दराने आणि साम्राज्याच्या मळ्यांनी लावलेली ही सवय, आता मायेची झाली आहे. कॉफीला अजून तेवढे जमलेले नाही.