जुने पुसून नवे नको

रॉक अल्बमची नवी आवृत्ती निघाली की कंपन्यांचा पूर्वपक्ष ठरलेला असतो: आवाज स्वच्छ झाला, कलावंतांना मुळात हवा होता तसा झाला, मग जुनी आवृत्ती हवी कशाला?

पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या ‘क्वीन’ या बँडचेच घ्या. १९७३ च्या पहिल्या अल्बममधला ड्रम्सचा कोरडा आवाज बँडला खटकत होता. २०२४ मध्ये मूळ टेपवरची वाद्ये सुटी करून त्यांचे प्रमाण नव्याने बसवले गेले. ड्रम्स मोकळे झाले, १९७३ मध्ये वगळलेले ‘मॅड द स्वाइन’ हे गाणे क्रमात परत आले. हे स्वागतार्हच. पण ‘हाच खरा अल्बम’ हे मान्य नाही. मर्क्युरी १९९१ मध्येच गेला. या नव्या मिश्रणाला (मिक्सला) त्याची संमती कोण देणार?

कलावंत हयात असला तरी त्याचा शब्द अखेरचा नव्हे. ‘रॉ पॉवर’ या अल्बमचे १९७३ चे मिश्रण बहुतांशी डेव्हिड बोवीचे होते. १९९७ मध्ये त्या अल्बमचा गायक इगी पॉप याने स्वतः ते बदलले आणि आवाज फाटेपर्यंत चढवला. २०१० मध्ये बोवीचे मिश्रण पुन्हा बाजारात आणावे लागले.

कोणी म्हणेल, लोणी गावच्या शिवारात ट्रॅक्टरवर गाणी लावणाऱ्याला हळू जागा ऐकूच येत नाहीत. नव्या आवृत्तीत सगळे एका पातळीवर आणले तर बिघडले काय? अडचण खरी आहे, पण ती वाजवणाऱ्या यंत्रात सोडवता येते. ध्वनिमुद्रणातच चढउतार चेपले, तर घरी निवांत ऐकणाऱ्याला ते परत मिळत नाहीत.

‘पहिली तबकडी तेवढी अस्सल’ हा हट्टही पोकळ आहे. खर्ज वाढला की तबकडीची खाच रुंदावते, एका बाजूवर मावणारा वेळ घटतो. म्हणून खर्जाला कात्री लागे. पहिली प्रतही तडजोडच होती.

आवृत्त्यांचा हा प्रश्न आपल्याकडे पोथ्यांबाबत जुनाच आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली. १९०९ मध्ये इतिहासकार राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून वेगळी पोथी छापली. अभ्यासकांनी दोन्ही जपल्या, पाठभेद नोंदवले. अल्बमलाही हाच न्याय लावावा. मूळ टेप कोणती, हात कोणाचा फिरला, मिश्रण बदलले की फक्त पातळी, हे वेष्टनावर छापावे. आणि जुनी आवृत्ती तिच्या सालासह ऐकायला ठेवावी. वेष्टनावरच्या या तीन ओळी छापायला कंपनीला खर्च नाही. त्या न छापण्यात मात्र तिचा धंदा आहे.