पडदा बोलतो, पोर गप्प

भारतातून फोन आला की हमखास विचारणा होते, "तिकडे शाळेत सगळं टॅबवरच असेल ना?" मंडळी, मी डब्लिनच्या दक्षिणेला चेरीवूडला राहतो. इथल्या ट्राममध्येही पोरं फोनमध्ये डोकं घालून बसतात, त्यात नवल ते काय! पण याच देशाने २०१९ साली सार्वजनिक वाचनालयांतला उशिराचा दंड रद्द केला. कशासाठी? पुस्तक घरी नेताना कोणी कचरू नये म्हणून. असो.

आपल्याकडे २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'नंतर गावोगावी लोकवर्गणीतून जिल्हा परिषदेच्या शाळा 'डिजिटल' झाल्या. मजुरीतून वर्गणी देणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे. राग आहे तो पुढचा. प्रोजेक्टर लागतो, कार्टून सुरू होतं, कोणीतरी गोड आवाजात गोष्ट सांगतं, आणि ज्याला वाचता येत नाही तोच सगळ्यात खूश! कारण त्याला वाचावंच लागत नाही. याला वाचन शिकवणं म्हणायचं? हा तर वर्गात आणलेला टीव्ही.

'असर'चे आकडे बघा. देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांत, तिसरीत असून दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुलं २०१८ मध्ये २०.९ टक्के, २०२२ मध्ये १६.३, २०२४ मध्ये २३.४. सुधारणा आहे, पण चारातली तीन पोरं अजून अडखळतातच.

यंत्र वाईट नाही (माझं पोट त्यावरच आहे). फक्त ते उलटं वापरा. मुलाला बोलू द्या. त्याच्या शेळीला पिल्लं झाली, तर ती गोष्ट त्याने सांगावी, बाईंनी त्याच्यासमोर टाईप करावी. बोलीत सांगितली तर बोलीतच. त्याने काढलेल्या चित्राचा फोटो जोडावा आणि मग त्यालाच वाचायला लावून आवाज रेकॉर्ड करावा. अर्थ आधीच ठाऊक, त्यामुळे सगळं लक्ष अक्षरांवर. चुकलं की पुन्हा रेकॉर्ड. स्वतःची गोष्ट पोर दहादा वाचतं! बाराखडी आणि जोडाक्षरं शिकवावी लागतातच, त्याला पर्याय नाही.

यात नवीन काही नाही. सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर या शिक्षिकेने न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना त्यांनीच मागितलेले शब्द लिहून देऊन वाचायला शिकवलं, आणि १९६३ च्या 'टीचर' या पुस्तकात ते मांडलं. कॉम्प्युटर कुठला, नुसती कार्डं! आज तर 'प्रथम बुक्स'चं स्टोरीवीव्हर २०१५ पासून फुकट आहे, मराठीतही. तिथे गोष्टी वाचता येतात, तशा रचताही येतात.

"चाळीस पोरं, एक फोन, अभ्यासक्रम कधी संपवायचा?" असं कोणी म्हणेलच. अहो, रोज चार पोरं घ्या. शाळेच्या दहा दिवसांत वर्ग होतो. आणि वाचता न येणाऱ्या पोरापुढे अभ्यासक्रम संपवून नेमकं काय संपतं, तेही एकदा सांगा.