‘बरी आहे’ म्हणजे नेमकं काय?

मैत्रिणींनो, कुणी ‘कशी आहेस?’ असं विचारलं की आपण काय सांगतो? ‘बरी आहे.’ कंबर धरलेली असो, रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला नसो, उत्तर ठरलेलं. मीही वर्षानुवर्षं हेच म्हणत आले. पण मागच्या पावसाळ्यात माझ्या भाचीमुळे या ‘बरी आहे’चा मला पहिल्यांदा विचार करावा लागला.

भाची समाजकार्याचं शिक्षण घेते. शेवटच्या वर्षाला प्रकल्प करावा लागतो. तिचा विषय होता, किशोरवयीन मुलामुलींना आरोग्य म्हणजे काय वाटतं? त्यासाठी तिनं आमच्या तालुक्याच्या गावातली शाळा निवडली आणि महिनाभर माझ्याकडे राहायला आली. सोबत छापील प्रश्नावलीचा गठ्ठा. जेवणाआधी हात धुता का? पालेभाज्या खाता का? अशक्तपणा जाणवतो का? ‘होय’ किंवा ‘नाही’पुढे खूण करायची.

पहिल्या दिवशी संध्याकाळी ती कपाळाला हात लावून बसली. म्हणाली, ‘‘मावशी, या गावातली सगळी मुलं रोज व्यायाम करतात, सगळी पालेभाज्या खातात आणि अशक्तपणा कुणालाच नाही!’’ मेथी दिसली की ताट सरकवणारी माझी नववीतली लेक शेजारीच बसली होती. मी विचारलं, ‘‘तू काय लिहिलंस गं?’’

‘‘होय लिहिलं.’’

‘‘अगं पण...’’

‘‘आई, वर नाव लिहायचं होतं. बाई समोर उभ्या होत्या. मग पुस्तकातलं उत्तर लिहिणार नाही तर काय?’’

तिचं काय चुकलं? आपण मुलांना आरोग्याबद्दल विचारतो ते परीक्षेसारखंच. बरोबर उत्तर त्यांना पाठ असतं. पण ते त्यांचं असतंच असं नाही.

भाचीच्या मार्गदर्शक बाईंनी तिला दुसरी वाट सांगितली. मुलांना कोरा कागद द्यायचा. ‘निरोगी माणूस म्हणजे तुला कोण वाटतो, त्याचं चित्र काढ आणि खाली दोन ओळी लिही’ एवढंच म्हणायचं. १९८०च्या दशकात ब्रिटनमध्ये नोरीन वेटन या बाईंनी शाळकरी मुलांसाठी ही पद्धत रुजवली. साधी वाटते, पण त्यामागे विचार आहे. चित्राला चूक-बरोबर नसतं. आधी चित्र काढलं की मग लिहायलाही सुचतं. नाव लिहायचं नाही, मुली वेगळ्या आणि मुलगे वेगळे बसवायचे, शिक्षकांनी बाहेर थांबायचं. घरच्यांची परवानगी घ्यायची, मुलांनाही विचारायचं, आणि ज्याला नको असेल त्यानं नाही म्हटलं तरी चालेल, हे आधीच सांगायचं.

कागद तिनं मला दाखवले नाहीत. ‘‘मुलांना शब्द दिलाय,’’ म्हणाली. नाव-गाव न सांगता जेवढं सांगता येईल तेवढं मात्र सांगितलं.

मुलग्यांच्या कागदांवर दंड फुगवलेले हिरो होते, शेजारी पावडरचा डबा. आपल्याकडे ‘तब्येत सुधारली’ म्हणजे अंग भरलं आणि ‘तब्येत केली’ म्हणजे दंड कमावले! मग मुलांनी दुसरं काय काढावं? मुलींच्या कागदांवर गोऱ्या, सडपातळ, लांब केसांच्या मुली. एकीनं लिहिलं होतं, ‘जिला कुणी काळी म्हणत नाही ती निरोगी.’ एकीनं सायकलवरची मुलगी काढली होती आणि लिहिलं होतं, ‘तिला एकटीला कुठेही जाता येतं.’

हे शेवटचं ऐकून मी चमकले. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ सालापासूनच्या व्याख्येत म्हटलंय की आरोग्य म्हणजे फक्त रोग नसणं नव्हे, तर शरीरानं, मनानं आणि समाजात वावरतानाही चांगलं असणं. त्या पोरीनं ही व्याख्या वाचली नसणार. तिनं सायकल काढली, आणि तेच सांगितलं.

मग भाचीनं प्रश्नांचे शब्दही बदलले. ‘अशक्तपणा आहे का?’ याला सगळ्यांचं ‘नाही’ होतं. ‘जिना चढताना धाप लागते का? प्रार्थनेला उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते का? दुपारच्या तासाला झोप आवरत नाही का?’ असं विचारल्यावर मुलींचे हात वर गेले. ‘मासिक पाळी’ म्हटलं की माना खाली. आपसात मुली पाळीला काय म्हणतात ठाऊक आहे? ‘प्रॉब्लेम’. जी गोष्ट शरीर नीट चालल्याची खूण, तिचं नावच प्रॉब्लेम! मग खरंच त्रास झाला तर तो सांगायला वेगळा शब्द उरतो कुठे?

एका कागदाबद्दल सांगताना मात्र भाची जरा थांबली. ओट्यापाशी उभी असलेली, डोक्याला फडकं बांधलेली बाई. खाली ओळ होती, ‘माझी आई निरोगी आहे. ती ताप आला तरी झोपत नाही.’

मी काही बोलले नाही. त्या रात्री भांडी आवरताना लेक मागे येऊन उभी राहिली. ‘‘आई, ते चित्र माझं आहे.’’ आणि मग हळूच म्हणाली, ‘‘मलाही चक्कर येते. दिवाळीपासून.’’

दिवाळीपासून! आणि तेव्हा श्रावण चालू होता. ‘‘मग सांगितलं का नाहीस?’’ मी जवळजवळ ओरडलेच. ती म्हणाली, ‘‘तू तरी कुठे सांगतेस?’’

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.४. या वयाच्या मुलीचं निदान १२ हवं. डॉक्टरांनी माझंही तपासायला लावलं. माझं ९.१! मायलेकी दोघी ‘बऱ्या’ होतो.

मैत्रिणींनो, हे माझ्या एकटीच्या घरातलं नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या १०० मुलींमागे ५९ जणींना रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या मुलग्यांत हे प्रमाण १००मागे ३१ होतं. पाळीत रक्त जातं हे खरं, पण ताटात काय पडतं आणि कधी पडतं, हेही आलंच.

विचारलं नाही तर कळत नाही, हे आपल्याच महाराष्ट्रानं जगाला दाखवलंय. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. १००पैकी ९२ जणींना स्त्रीरोगविषयक काही ना काही आजार होता आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम आठ. बाकीच्या? त्याही ‘बऱ्या’च असतील.

सरकारी योजना आहेत. १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात. पण ती गोळी पोटात जाते की दप्तरातून खिडकीबाहेर, हे कोण बघतं? मळमळतं, शौचाला काळं होतं, म्हणून मुली घाबरतात. जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते, काळं होण्यात घाबरण्यासारखं काही नाही आणि गोळीवर लगेच चहा नको, एवढं कुणी सांगितलं तर किती गोळ्या वाचतील! हे सांगायला डॉक्टरच कशाला हवा, आईसुद्धा पुरे. पण त्यासाठी मुलीला गोळीची भीती का वाटते, हे आधी ऐकून घ्यावं लागेल.

आणि इथेच आपली गाडी अडते. आपल्याला सांगता येतं, ऐकता येत नाही. मुलगी ‘पोटात दुखतंय’ म्हणाली की आपण म्हणतो, ‘आम्हालाही दुखायचं, त्याचं काय एवढं?’ मुलगा ‘टेन्शन आलंय’ म्हणाला की ‘तुला कसलं रे टेन्शन?’ झालं! पुढच्या वेळी तो आपल्याला सांगेल कशाला?

भाचीचा प्रकल्प संपला, ती गेली. जाताना मला एक गोष्ट शिकवून गेली. प्रश्न विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहायचं. लगेच सल्ला नाही, लगेच ओरडा नाही. फार अवघड आहे हो हे! तरी मी करून बघते आहे. लेकीच्या गोळ्या चालू आहेत, माझ्याही. दोघी एकत्र घेतो, रात्री जेवण झाल्यावर. आणि जेवायला आता मी सगळ्यांबरोबर बसते. पहिले आठ दिवस सासूबाईंना खटकलं. नवव्या दिवशी त्यांनीच माझं ताट घेतलं.

मागच्या महिन्यात मला ताप आला. कणीक तशीच ठेवून मी भरदुपारी आडवी झाले. लेक शाळेतून आली, दारातच थबकली. मी म्हटलं, ‘‘अगं, बरं नाहीये मला.’’ किती वर्षांनी हे वाक्य उच्चारलं, आठवत नाही. तिनं दप्तर ठेवलं, कपाळाला हात लावून बघितला आणि म्हणाली, ‘‘मग झोप की. पोळ्या बाबा आणतील.’’

तुमच्या घरातल्या मुलामुलींना एक कोरा कागद द्या. निरोगी माणूस काढायला सांगा. पण त्या कागदावर तुम्ही ओट्यापाशी उभ्या दिसलात, तर त्यांना नका रागावू. त्या रात्री एवढंच करा, स्वतःचं ताट त्यांच्या शेजारी मांडा. आणि कुणी ‘कशी आहेस?’ विचारलं, तर एकदा खरं उत्तर द्या.