आनंदाचे मोल, श्रमाचे दाम

कलेतून मिळणारा आनंद हाच कलावंताचा खरा मोबदला होय, असे समाज मोठ्या कौतुकाने म्हणत असतो. त्यातील आनंद खरा आहे. ‘हाच’ हा शब्द मात्र इतरांच्या सोयीचा आहे. जॅझ संगीताच्या ध्वनिमुद्रणाचा इतिहास या दृष्टीने तपासून पाहण्यासारखा आहे.

जॅझमध्ये ज्यांना ‘स्टँडर्ड’ म्हणतात ती गाणी बहुतांशी १९२० ते १९५० च्या सुमारास अमेरिकन रंगभूमीवर व चित्रपटांत रूढ झालेली आहेत. ख्यालगायनात बंदिशीला जे स्थान, तेच काहीसे येथे या गाण्यांना आहे. चाल व तिची चौकट सर्वांना पाठ असते. वादकाचे कर्तृत्व त्या चौकटीत आयत्या वेळी काय सुचते यावर ठरते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत ही गाणी म्हणजे त्या व्यवसायाचे सामायिक भांडवल होय.

या भांडवलातून काय निर्माण होते, याचे उत्तम उदाहरण १६ ऑगस्ट १९५६ चे आहे. त्या दिवशी निर्माते नॉर्मन ग्रान्झ यांनी एला फिट्झजेराल्ड आणि लुई आर्मस्ट्राँग यांना हॉलिवुडच्या कॅपिटल स्टुडिओत एकत्र आणले. साथीला पियानोवर ऑस्कर पीटरसन, गिटारवर हर्ब एलिस, बासवर रे ब्राउन आणि ड्रमवर बडी रिच होते. एका दिवसात अकरा गाणी मुद्रित झाली. आर्मस्ट्राँग यांच्या तबकड्यांचे संस्कार एला यांच्यावर लहानपणापासूनचे. त्या मुद्रणात एकाचा खरखरीत आवाज दुसऱ्याच्या नितळ आवाजाला वाट करून देतो. कोणीही कोणावर कुरघोडी करीत नाही. आपण ज्याला मानतो तो आपले ऐकत आहे, ही जाणीव कलावंताकडून एरवी न निघणारे सूर काढून घेते. हा आनंद विकत घेता येत नाही, आणि तो ऐकणाऱ्यापर्यंत पोचल्यावाचून राहत नाही.

प्रश्न उद्भवतो तो येथून पुढे. काम जितके सुखद तितके त्याचे वेतन कमी राहण्याकडे कल असतो, असे ॲडम स्मिथ यांनी १७७६ मध्येच मांडले होते. मनोरंजनाच्या धंद्याने या निरीक्षणाचा जणू नियम करून टाकला. ११ ऑक्टोबर १९३९ रोजी कोलमन हॉकिन्स यांनी ‘बॉडी अँड सोल’ हे गाणे सॅक्सोफोनवर मुद्रित केले. मूळ चालीला जेमतेम स्पर्श करून बाकी सर्व त्यांनी तेथल्या तेथे रचले, आणि जॅझच्या इतिहासात ती तबकडी अजरामर झाली. तथापि कायद्याच्या दृष्टीने रचनाकार ठरले ते मूळ संगीतकार जॉनी ग्रीन. अमेरिकेत साध्या रेडिओ केंद्रावरून तबकडी वाजली तर रचनाकाराला रॉयल्टी मिळते, वादकाला अद्याप मिळत नाही. १९९५ च्या कायद्याने डिजिटल प्रसारणापुरता हक्क मान्य झाला. त्या व्यवस्थेत मुद्रणाच्या मालकाला ५० टक्के, प्रमुख कलावंताला ४५ टक्के आणि साथीदार वादक-गायकांना सर्वांत मिळून अवघे ५ टक्के जातात. ज्या सोबतीमुळे मुद्रणात प्राण येतो, त्या सोबतीचे हे मोल!

चांगले दाम दिल्याने कलेची निष्ठा उणावते, असा एक आक्षेप घेतला जातो. त्याचे उत्तर ग्रान्झ यांच्याच कारकीर्दीत आहे. १९४४ पासून त्यांनी चालविलेल्या जॅझच्या मैफलींत वादकांना भरघोस मानधन मिळे. गोऱ्या व काळ्या श्रोत्यांना वेगळे बसविण्यास त्यांचा सक्त विरोध असे. त्या संगीताचा दर्जा त्यामुळे घसरला, असे कोणी म्हणणार नाही. पोटाची चिंता मिटली म्हणजे माणूस शेजारच्याचे अधिक मन लावून ऐकतो, इतकेच यावरून दिसते.

हा विषय दूर अमेरिकेचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. मुंबईतील हॉटेलांत जॅझ वाजविणारे गोमंतकीय वादकच पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांचा कणा झाले. चिक चॉकलेट, अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा ही नावे जाणकारांना ठाऊक आहेत. त्यांच्या मागे बसलेल्या असंख्य वादकांची नावे पडद्यावर कधी उमटलीच नाहीत. भारतीय कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी उपयोगावरील रॉयल्टीचा हक्क कलावंतांना दिला खरा. पण चित्रपटातील ज्याचे काम किरकोळ वा आनुषंगिक मानले जाते आणि धंद्याच्या प्रघातानुसार ज्याचा श्रेयनामावलीत उल्लेख होत नाही, त्याला या हक्काच्या बाहेर ठेवले. म्हणजे नाव वगळण्याच्या जुन्या प्रघातालाच कायद्याने हक्क नाकारण्याची एक कसोटी बनविले.

यावरील उपाय अवघड नाही. प्रत्येक मुद्रणासोबत त्यातील प्रत्येक वादकाचे नाव नोंदले जावे, आणि पुढील उत्पन्नातील साथीदाराचा वाटा करारातच ठरावा. डिजिटल नोंदींच्या आजच्या काळात ही माहिती ठेवणे जड आहे, ही सबब टिकणारी नाही. मनाजोगत्या सहकाऱ्यांबरोबर वाजविताना होणारा आनंद ही वादकाची स्वतःची मिळकत आहे. ती त्याच्या मजुरीच्या हिशेबात वळती करून घेण्याचा अधिकार कोणत्याही कंपनीला नाही.