हॅश वेगवान असणे हा गुन्हा नव्हे

पालघर जिल्ह्यात बोईसरला असलेल्या तारापूर एमआयडीसीत सांडपाण्याचा सामू, सीओडी, प्रवाह मोजणारी ऑनलाइन मीटर लागली आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४मध्ये १७ प्रकारच्या अतिप्रदूषक उद्योगांना अशी यंत्रणा बसवण्यास सांगितले होते. या नोंदी हाताळणाऱ्या प्रोग्रामात कोणता हॅश (नोंदीवरून काढलेला ठरावीक लांबीचा आकडा) वापरावा, यावर प्रोग्रामरांमध्ये दोन टोकांची मते आढळतात. एक म्हणते, एसएचए-२५६ सोडून सारे असुरक्षित. दुसरे म्हणते, एक्सएक्सहॅश वेगवान आहे, तोच सगळीकडे लावा. दोन्ही चूक आहेत. या जागी फसवणूक करण्यात कोणाचा फायदा आहे, हे दोघेही विचारत नाहीत.

आधी पहिले मत घेऊ. नेटवर्क तुटून पुन्हा जोडले गेले की तीच नोंद दुसऱ्यांदा येते. ती गाळण्यासाठी प्रोग्राम आपल्या हॅश टेबलमध्ये शोध घेतो. इथे समोर कोणी लबाड नाही. एक्सएक्सहॅशचे कर्ते यान कोले यांच्या मोजणीत त्याच्या ६४ बिटी आवृत्तीचा वेग सेकंदाला १९.४ जीबी आहे, तर एमडी५ या जुन्या क्रिप्टोग्राफिक हॅशचा ०.६ जीबी. मग इथे संथ हॅश कशासाठी? 'दोन हॅश जुळले तर नोंद हरवेल' हा आक्षेपही टिकत नाही, कारण हॅश जुळल्यावर टेबल मूळ किल्लीही (ज्यावरून हॅश काढला ती नोंदीची खूण) ताडून पाहते.

बाहेरच्या माणसाने मुद्दाम टकरी (वेगळ्या किल्ल्या एकाच खणात पडणे) घडवण्याची भीती असेल, तर तिथेही नुसता एसएचए-२५६ कामाचा नाही. टेबलचे खण थोडे असतात आणि अल्गोरिदम जगजाहीर असतो, त्यामुळे एकाच खणात पडणाऱ्या किल्ल्या आधीच शोधून ठेवता येतात. डिसेंबर २०११मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत अशा किल्ल्यांनी पीएचपी, जावा, पायथनचे सर्व्हर कसे गुदमरतात हे दाखवले गेले. त्यावर उत्तर आले ते २०१२च्या सिपहॅशचे. तो गुप्त बीज घेतो. पायथनने तो ३.४ आवृत्तीत स्वीकारला.

आता दुसरे मत. हॅशलाच नोंदीची ओळख मानले की धोका सुरू होतो. ३२ बिटी हॅशमध्ये सुमारे ७७ हजार नोंदी झाल्या की कुठल्या तरी दोन जुळण्याची शक्यता निम्म्यावर जाते. मिनिटाला एक नोंद धरली, तर एकटे मीटर हा आकडा ५४ दिवसांत गाठते. म्हणून अशा वेळी ६४ किंवा १२८ बिट घ्यावेत. पायथनचा अंगभूत हॅश तर साठवूच नये. मजकुरासाठी त्याचे बीज दर वेळी बदलते आणि प्रोग्राम पुन्हा सुरू केल्यावर जुनी नोंदही नवी वाटते.

सर्वांत मोठी चूक पुराव्याच्या बाबतीत होते. आकडा पाठवणारा कारखाना हाच त्या आकड्यात हितसंबंध असलेला पक्ष असतो. त्याने आकडा बदलला, तर एक्सएक्सहॅश नव्याने काढता येतो आणि एसएचए-२५६सुद्धा. म्हणून मीटरच्या सीलबंद भागात, कारखान्याच्या हाती न लागणारी गुप्त किल्ली हवी आणि तिने प्रत्येक नोंदीवर डिजिटल स्वाक्षरी व्हायला हवी. तरीही मीटरचा प्रोब स्वच्छ पाण्यात बुडवला तर स्वाक्षरी खोट्या आकड्यावरच होईल. तिथे अचानक येऊन नमुना घेणारा माणूसच लागतो.

१ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खालील प्रमाणपत्रात इलेक्ट्रॉनिक पुराव्याचा हॅश आणि त्याचा अल्गोरिदम लिहावा लागतो. तिथे एसएचए-२५६च निवडावा. तारापूरच्या सांडपाण्याचा वाद मच्छीमारांनी राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला आहे. अशा वादात आकड्याची विश्वासार्हता हाच पुराव्याचा कणा असतो.

तेव्हा बोईसर-पालघरच्या प्रोग्रामरांनी शोधासाठी, पुनरावृत्ती गाळण्यासाठी वेगवान हॅश निःसंकोच वापरावा. बाहेरून किल्ल्या येत असतील तिथे सिपहॅश घ्यावा. पुराव्यासाठी मात्र एसएचए-२५६ आणि स्वाक्षरी, दोन्ही मागावीत, आणि ग्राहक 'चालेल हो' म्हणाला तरी तडजोड करू नये.