गोळ्या, कळा आणि घरांतील मौन

आमच्याकडे वाचक भगिनींचीं जीं पत्रें येतात, त्यांपैकीं प्रकृतीविषयींचीं पत्रें बहुधा शेवटल्या चार ओळींत मुद्द्यावर येतात. प्रथम लोणच्याच्या प्रमाणाची विचारणा, मग मुलाच्या अभ्यासाची काळजी, आणि अखेरीस "नांव छापूं नये" या विनंतीसह मूळ दुखणें. गेल्या महिन्यांत आलेलें एक पत्र याच जातीचें आहे. एक अपत्य असलेली ही भगिनी पांच महिन्यांपासून संततिनियमनाच्या गोळ्या घेत आहे. आरंभीं किंचित् त्रास झाला व तो गेला. पाळींतील पूर्वींचा पोटशूळही पुष्कळ कमी झाला. पांचव्या महिन्यांत मात्र, पाकिटाच्या ऐन मध्यावर, ओटीपोटांत अकस्मात् कळा येऊं लागल्या. गोळ्या बाधल्या काय, त्या तत्काळ सोडाव्या काय, आणि हें घरांत सांगावें कसें, असे तिचे तीन प्रश्न आहेत. ते तिच्या एकटीचे नसावेत, म्हणून त्यांचा विचार येथें थोड्या विस्तारानें करीत आहों.

पाळीच्या वेळीं कळ कां येते, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. गर्भाशय हा स्नायूंचा बनलेला पोकळ अवयव आहे. त्याचें आंतलें अस्तर सुटूं लागलें म्हणजे त्यांतून प्रोस्टाग्लँडिन नांवाचीं द्रव्यें निघतात. तीं स्नायूंस आवळतात, तेथील रक्तपुरवठा क्षणभर अपुरा पडतो, आणि कळ उठते. या द्रव्यांवरील संशोधनाबद्दल बर्गस्ट्रॉम, सॅम्युएल्सन व व्हेन या तिघां शास्त्रज्ञांस १९८२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. दुखणें मात्र पुरातन आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत ज्या वीस योनिव्यापदा सांगितल्या आहेत, त्यांतील उदावर्तिनीचें लक्षण हेंच कीं, स्राव कष्टानें होतो आणि तो होतांच स्त्रीस आराम पडतो.

आतां गोळ्यांकडे वळूं. माला-एन किंवा माला-डी यांच्या पाकिटांत २८ गोळ्या असतात. त्यांतील २१ गोळ्यांत लेव्होनॉर्जेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम व एथिनिल एस्ट्रॅडिऑल ०.०३ मिलिग्रॅम हीं संप्रेरकें असून उरलेल्या ७ लोहाच्या असतात. (छाया या गोळीचें द्रव्य व नियम दोन्ही निराळीं आहेत; तिजविषयीं येथें लिहीत नाहीं.) या संप्रेरकांनीं बीज सुटणें थांबतें व अस्तर पातळ राहतें. अस्तर पातळ, म्हणून प्रोस्टाग्लँडिन कमी आणि कळाही कमी. याच कारणास्तव पाळीच्या शूलावर डॉक्टर हीच गोळी देतात. तेव्हां गोळ्या चालू असतां नव्यानें कळा येऊं लागल्या, तर त्याचें कारण शोधलें पाहिजे.

कांहीं कारणें निरुपद्रवी आहेत. पहिले तीन महिने शरीर नव्या व्यवस्थेशीं जुळवून घेत असतें; त्या काळांत अधूनमधून डाग पडणें व थोडें दुखणें स्वाभाविक आहे. लोहाच्या गोळ्यांच्या आठवड्यांत रक्तस्रावाबरोबर थोड्या कळा येतात, तेंही अपेक्षितच. लोहानें मलावरोध होऊन पोट दुखतें, व तेंच गर्भाशयाचें दुखणें समजलें जातें. परंतु मोठें कारण म्हणजे गोळी चुकणें. संप्रेरकांचा पुरवठा मध्येंच तुटला म्हणजे अस्तर अकालीं सुटूं लागतें, आणि रक्त व कळा दोन्ही येतात.

पत्रांतील एक वाक्य आम्हांस या संदर्भांत फार महत्त्वाचें वाटलें. पाकीट साड्यांच्या घडीखालीं लपविलेलें असतें; घरीं पुतण्याची मुंज होती, सगळ्या खोल्या पाहुण्यांनीं भरलेल्या, त्यामुळें दोन रात्री कपाट उघडतांच आलें नाहीं. या कळांचें मूळ तेथें असण्याचा पुष्कळ संभव आहे. एक गोळी चुकल्यास ती आठवतांच घ्यावी व पुढील गोळी नेहमींच्या वेळीं घ्यावी. ओळीनें दोन वा अधिक चुकल्यास एक गोळी लागलीच घेऊन क्रम पुढें चालू ठेवावा, आणि सात दिवस निरोधासारखें दुसरें साधन वापरावें. नियमानें घेतल्यास या गोळ्या वर्षांत शंभरांतील एका स्त्रीच्याही बाबतींत फसत नाहींत. नित्याच्या व्यवहारांत, विसर जमेस धरतां, शंभरांत सुमारें सातजणींस गर्भ राहतो. म्हणून गोळ्या चुकल्यावर कळा आल्या असतील, तर गर्भ राहिला आहे कीं काय याची तपासणी अवश्य करावी. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन या औषधानेंही गोळीचा प्रभाव उणावतो. तें चालू असल्यास डॉक्टरांस आधींच सांगावें.

कांहीं लक्षणें मात्र अशीं आहेत कीं, तेथें उद्यांची वाट पाहूं नये. ओटीपोटांत एकाच बाजूस तीव्र वेदना, भोंवळ, किंवा पाळी चुकून मग आलेली कळ, हीं गर्भ नलिकेंत अडकल्याचीं चिन्हें असूं शकतात. कळांसह ताप व दुर्गंधी स्राव असल्यास आंत जंतुसंसर्ग झालेला असूं शकतो. एकाच पायाच्या पोटरींत दुखून सूज येणें, छातींत दुखणें, धाप लागणें, असह्य डोकेदुखी, दृष्टि अंधुक होणें, यांपैकीं कांहींही झाल्यास रक्ताच्या गुठळीची शंका घ्यावी, गोळी थांबवावी व तत्काळ इस्पितळ गांठावें. अशा गुठळ्या क्वचित् होतात. पण पोटरीचा गोळा म्हणून तेल चोळीत बसण्याची ती वेळ नव्हे. ज्यांस रक्तदाब आहे, ज्यांस पूर्वीं गुठळी झाली आहे, किंवा डोळ्यांपुढें वलयें दिसून ज्यांची अर्धशिशी उठते, त्यांनीं या गोळ्या डॉक्टरांस विचारल्यावांचून घेऊंच नयेत.

धोक्याचीं लक्षणें नसल्यास ओटीपोट शेकावें, थोडें हिंडावें-फिरावें. डॉक्टरांच्या संमतीनें आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड जेवणानंतर घ्यावें. पोटांत व्रण वा दमा असल्यास मात्र घेऊं नये. पाकीट रागानें अर्ध्यावर सोडूं नये, कारण त्यानें रक्तस्राव वाढतो व गर्भाचा संभवही. तीन महिन्यांनंतरही कळा राहिल्या, तर तपासून घेऊन गोळीचा प्रकार बदलतां येतो.

राहिला तिसरा प्रश्न. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविलें. त्यापायीं त्यांनीं नोकरी गमावली, खटले सोसले, आणि १९५३ सालीं ते वारले. संततिनियमनासाठीं गोळीला अमेरिकेंत मान्यता मिळाली ती १९६० सालीं; ती पाहण्यास ते उरले नव्हते. आज तीच गोळी सरकारी दवाखान्यांत फुकट मिळते, आणि तरीही सुशिक्षित घरांतल्या सुनेस ती साड्यांखालीं ठेवावी लागते. ज्या घरांत सासऱ्यांच्या रक्तदाबाची गोळी जेवणाच्या टेबलावर असते, त्या घरांत सुनेच्या गोळीस एक खण मिळूं नये, हें आम्हांस पटत नाहीं. त्या गोळीची वेळ चुकते ती बहुधा या लपवाछपवीनेंच.

या भगिनीस आमचें सांगणें असें कीं, प्रथम पतीस सांगावें, आणि त्यानें तिच्याबरोबर डॉक्टरांकडे जावें. हें काम एकट्या बायकोचें नव्हे. सासूबाईंस सर्व तपशील सांगण्याची सक्ति नाहीं. "औषध चालू आहे, वेळ चुकवितां येत नाहीं" एवढें पुरे. आणि ज्या वडील भगिनी हें वाचीत असतील त्यांस विनंती कीं, सून दुखतें म्हणाली तर औषध कसलें हें विचारण्यापूर्वीं कोठें दुखतें हें विचारावें. आपल्या काळीं आपणांस तें कोणीं विचारलें नसेल. पण म्हणून आज विचारण्यास कांहीं हरकत नाहीं.