शर्यत डोंगरात, डॉक्टर कुठे?

आपल्या वस्तीतली मुले-मुली आता भरतीच्या मैदानाबाहेरही धावू लागली आहेत. डोंगरातल्या लांब शर्यतींना जातात, पदके आणतात. आम्हाला त्यांचे कौतुकच आहे. पण रस्ता आणि दवाखाना यांपासून दूर पोराला काही झाले तर त्याच्यापर्यंत कोण पोहोचणार, हे घरात कुणी विचारते का? म्हणून चीनमधली एक घटना आज सांगतो.

२२ मे २०२१ रोजी गान्सू प्रांतातील बाययिन भागात १०० किलोमीटरची डोंगरी शर्यत होती. १७२ जण सकाळी निघाले, बरेचसे अर्ध्या चड्डीत आणि पातळ बनियनमध्ये. शर्यत पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला १,६०० युआन मिळणार होते. दुपारी ऐन चढावर गारा, बर्फासारखा पाऊस आणि सोसाट्याचा वारा सुरू झाला. सुमारे ८ किलोमीटरमध्ये १,००० मीटर चढण, गाडीला वाट नाही, वरच्या ठाण्यावर खाणे किंवा गरम पाणी नाही. वारा अडवणारे जाकीट सक्तीचे नव्हते. कित्येकांची जाकिटे पुढच्या ठाण्यावर पाठवलेल्या पिशव्यांत होती. २१ धावपटू गारठून मेले. त्यांत देशातले नामवंत धावपटूही होते. वाऱ्याचा इशारा आधीच मिळाला होता, तरी शर्यत सोडली गेली. पुढे चौकशी झाली, अधिकाऱ्यांवर कारवाई झाली. गेलेली माणसे मात्र परत आली नाहीत.

त्या डोंगरात सहा जणांना वाचवले ते एका मेंढपाळाने. त्याने त्यांना आपल्या गुहेतल्या आसऱ्याला नेले, जाळ केला, गोधड्या पांघरल्या.

खरे तर हाच पहिला इलाज. अंगाचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की माणूस कुडकुडतो, बोबडे बोलतो, भ्रमिष्टासारखा वागतो. कुडकुडणे थांबले आणि तो सुस्त झाला, तर बरे वाटतेय असे समजू नका. ती धोक्याची खूण आहे. आडोशाला न्या, ओले कपडे काढा, कोरडे पांघरा, शुद्धीत असेल तर गरम गोड पेय द्या. हातपाय चोळू नका, दारू तर मुळीच नको.

आपल्याकडे उन्हाचा धोका मोठा. धावताना अंग तापून कुणी बरळू लागला किंवा कोसळला, तर गाडीची वाट पाहत बसू नका. सावलीत घेऊन थंड पाण्याने अंग भिजवा, शक्य तर पाण्यात बसवून डोके वर धरा, वारा घाला. आधी थंड करायचे, मग दवाखाना.

डोंगरात रुग्णवाहिका वेळेवर पोहोचत नाही. म्हणून तिथली वैद्यकीय सेवा शर्यतीच्या आधीच सुरू व्हावी लागते. फी भरताना आयोजकांना विचारा: डॉक्टर कोणत्या ठाण्यावर आहेत? फोनला रेंज नसेल तर वायरलेस आहे का? खाली आणायला स्ट्रेचर आणि माणसे आहेत का? कोणते कपडे सक्तीचे आहेत? हवामान बिघडले तर शर्यत थांबवण्याचा अधिकार कुणाला?

प्रवेश फीची पावती फाडणाऱ्याने या प्रश्नांची उत्तरे दिलीच पाहिजेत. उत्तर मिळाले नाही तर त्या शर्यतीला मुलांना पाठवू नका. आणि मुलांनाही सांगा, अर्ध्यातून परत येणे म्हणजे हरणे नव्हे. पुढच्या वर्षी शर्यत पुन्हा होईल.